गाणी सारखीच का होतात? सीमाभागातल्या बँडवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे चार वर्षं टिळकवाडीत वाजवतो. दोन गिटार, बेस, ड्रम. मराठीत बारा गाणी आहेत, कन्नडमध्ये तीन. पहिल्या वर्षीचं गाणं आणि या वर्षीचं गाणं मागेपुढे लावलं तर आम्हालाच फरक सांगता येत नाही. दोघांचं मत आहे की सिंथेसायझर घ्यावा, तीस हजार जमलेत. घ्यावा का? सोबत सगळ्या गाण्यांची पट्टी, लय आणि सुरुवात कशी होते त्याची यादी जोडली आहे.
— एक बँड, बेळगाव

उत्तर : उत्तर तुमच्या यादीतच आहे. पंधरापैकी अकरा गाणी ई मायनर नाहीतर ए मायनरमध्ये. तेरा गाण्यांची लय मिनिटाला 110 ते 125 ठोके. चौदा गाणी गिटारच्या रिफने, म्हणजे परत परत येणाऱ्या छोट्या तुकड्याने, सुरू होतात, आणि प्रत्येकात चौघेही पहिल्या मिनिटाच्या आत वाजायला लागलेले. सिंथ आणलात तर तोही ई मायनरमध्येच वाजेल. ही सवय बोटांची आहे आणि गाणं बसवायच्या पद्धतीची आहे. ती वाद्याची नाही.

ज्या बँडचा आवाज खरोखर बदलला, त्यांनी बहुतेक वेळा आधी कामाची रीत बदलली. टॉक टॉक हा इंग्लिश बँड 1982 च्या पहिल्या अल्बममध्ये सिंथवरचा चकचकीत पॉप वाजवत होता. 1988 पर्यंत सिंथ जवळजवळ गेले. अंधार केलेल्या स्टुडिओत एकेका पाहुण्या वादकाला मोकळं वाजवू द्यायचं आणि त्यातलं थोडंसंच ठेवायचं, असा त्यांचा खाक्या झाला. रेडिओहेडनं 1997 च्या मोठ्या यशानंतर 2000 च्या अल्बमसाठी एक कडू गोष्ट मान्य केली : प्रत्येक गाण्यात प्रत्येकानं वाजवलंच पाहिजे असं नाही. तीन गिटार असलेल्या बँडला हे सोपं नसतं. तुमच्या दोन गिटारवाल्यांना विचारा, बघा काय म्हणतात ते.

तुम्हाला जास्त उपयोगी पडेल तो जर्मनीच्या कोलोनमधला कॅन हा बँड, 1968 साली सुरू झालेला. हे लोक तासन् तास वाजवायचे, सगळं दोन ट्रॅकच्या टेपवर घ्यायचे, आणि त्यांचा बेसवादक होल्गर चुकाय टेप कापून-जोडून गाणी तयार करायचा. तुम्हाला हे मोबाइलवरही करता येईल.

सहा बैठका ठरवा, प्रत्येकी दोन तासांच्या. दर बैठकीला एकच नियम. उदाहरणार्थ, पहिल्या बैठकीत ड्रमवाल्यानं झांजा आणि हाय-हॅट काढून ठेवायची. झांजांचा सळसळाट 4 ते 10 किलोहर्ट्झचा पट्टा भरून टाकतो, आणि गायकाचे स, श, च, त नेमके तिथंच असतात. झांजा गेल्या की शब्द कळायला लागतात आणि गिटारची टोकाची झणझण पहिल्यांदा ऐकू येते. दुसऱ्या बैठकीत गिटारवर एका वेळी दोनच तारा. तिसऱ्यात चौघांपैकी एक जण कायम गप्प, पाच-पाच मिनिटांनी पाळी. चौथ्यात सुरुवात फक्त बेसनं. उरलेले दोन नियम तुम्ही काढा, पण असे काढा की मोडला तर लगेच कळेल. ‘जरा वेगळं वाजवूया’ हा नियम नव्हे.

बैठकीत वीस मिनिटांचे तीन टेक घ्या. रेकॉर्डर खोलीच्या मध्याजवळ, पण बरोबर मध्यावर नको, जमिनीपासून पाच फुटांवर ठेवा. कोपऱ्यात ठेवलात तर बेस फुगतो आणि बाकीचं बुडतं. त्याच रात्री ऐकू नका. तीन दिवसांनी ऐका, म्हणजे हे कुणी वाजवलं याचा अभिमान थोडा निवलेला असतो. वहीत मिनिट-सेकंद लिहा. एका तासातून पाच जागांपेक्षा जास्त निवडायच्या नाहीत, प्रत्येक जागा चार ते आठ बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन). सहा बैठकांत तीसेक तुकडे जमतील. त्यातले दोन किंवा तीन जोडून एक गाणं, आणि त्या तुकड्यांत जे नाही ते गाण्यात आणायचं नाही.

बिनसतं ते बहुधा तिथंच. तुकडा सापडला की लगेच त्याला जुनी सवय चिकटवली जाते : आधी कडवं, मग ध्रुवपद, मग सोलो. दुसरी चूक म्हणजे दोन्ही गिटार एकाच सप्तकात. 200 ते 500 हर्ट्झमध्ये दोन गिटार, बेसचे वरचे सूर आणि पुरुषाचा आवाज एवढे सगळे कोंबले की चिखल होतो. एकीला मानेवरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वर पाठवा.

तीस हजार तूर्त राहू देत. खर्च करायचाच तर निदान चार माइक एकदम घेता येतील अशा ऑडिओ इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्यावर) करा. आपलं वाजवणं वेगवेगळं ऐकता आलं की कुणी कुठं गप्प बसायचं हे भांडणाशिवाय ठरतं.

प्रश्न : आमच्या गाण्यात बाजाची पेटी, हलगी आणि चौंडकं आहे. गिटार ट्यूनरवर बरोबर दाखवते, तरी पेटीबरोबर वाजली की दात शिवशिवतात. गायकाची पट्टी काळी एक. पावसाळ्यात तर काहीच जुळत नाही. काय तर उपाय सांगा.
— खानापूर

उत्तर : आधी पेटी मोजा. ट्यूनर 440 हर्ट्झवर असतो, पण जुन्या पेट्या तिथं असतीलच असं नाही. दहा मिनिटं पेटी वाजवून झाल्यावर मधल्या सप्तकातली पांढरी सहा धरा आणि ट्यूनरचा संदर्भ आकडा बदलत जा, काटा मध्यावर येईपर्यंत. समजा 444 आला. 440 आणि 444 मध्ये जवळपास 16 सेंटचं अंतर आहे, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा सहावा हिस्सा. दात शिवशिवायला तेवढं पुरतं. आता सगळी गिटार आणि बेस 444 वर लावा. पेटी तुमच्याकडे येणार नाही, तुम्हालाच पेटीकडे जावं लागेल.

एवढं करूनही गंधार खटकेल. तंबोऱ्यावर किंवा गळ्यातून येणारा शुद्ध गंधार सा पासून 386 सेंटवर असतो. पेटी आणि गिटारच्या पट्ट्या तो 400 वर देतात. गायक तंबोरा ऐकून गाणारा असेल तर गिटारनं गंधार वाजवूच नये. सा आणि पंचम ठेवा, गंधार गायकाला सोडा. पंचमातला फरक फक्त 2 सेंटचा, तो कुणाला कळत नाही.

काळी एक म्हणजे सी शार्प. सर्वांत जाड तार मोकळी वाजवून सा मिळवायचा तर ती ई वरून तीन अर्धे स्वर खाली उतरवावी लागते. 10-46 च्या संचातली (आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) 46 ची तार एवढी उतरवली की तिचा ताण सात-दशांशावर येतो, ती लोंबते आणि जोरात छेडली की सूर आधी वर जाऊन मग खाली बसतो. तोच ताण हवा तर 54 ची तार लागेल. हिशेब सोपा आहे : एक अर्धा स्वर उतरवला की जाडी सुमारे सहा टक्के वाढवायची. मात्र 54 ची तार 46 साठी कापलेल्या नटच्या (खुंट्यांजवळ तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या) खाचेत बसत नाही. खुंटी पिळताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाच कारागिराकडून रुंद करून घ्या, घरच्या कानशीनं नको. खोल गेली तर नट बदलावा लागतो. सतार-तंबोऱ्याच्या कामातले हात मिरजेत आहेत. पण गिटारच्या नटचं काम पूर्वी केलंय का हे आधी विचारा.

वेगळी ट्यूनिंग वापरणार असाल तर प्रत्येक ट्यूनिंगला एक गिटार वेगळी ठेवता येते का बघा, स्वस्तातली चालेल. न्यूयॉर्कच्या सोनिक यूथनं (1981 ते 2011) हेच केलं. साध्या ट्यूनिंगला बऱ्या न वाजणाऱ्या स्वस्त गिटारी त्यांनी विचित्र ट्यूनिंगला लावल्या, कधी तारांखाली स्क्रूड्रायव्हर नाहीतर ड्रमची काठी अडकवली. 1999 मध्ये त्यांच्या वाद्यांची गाडीच चोरीला गेली. ज्या गिटारीसाठी जे गाणं केलं होतं ते तिच्याबरोबर अडकलं, आणि पुढचा अल्बम नव्या वाद्यांवर नव्यानं उभा करावा लागला. म्हणून प्रत्येक गाण्याच्या कागदावर सहाही तारांचे सूर, तारांची जाडी आणि ट्यूनरचा आकडा लिहून ठेवा.

चौंडक्याला मात्र सुरात बांधायच्या फंदात पडू नका. तार हातानं ताणूनच त्याचा सूर वरखाली होतो, ती घसरण हाच त्याचा जीव. त्याला एका वीतभर अंतरावर वेगळा माइक द्या आणि त्या वेळी बेसनं एकाच सुरावर थांबावं. दोघंही हलले की ऐकणाऱ्याला सा सापडत नाही.

पावसाळ्यात हलगी शेकायला जाळ नसेल तर हेअर ड्रायर फूटभर लांबून, सारखा फिरवत, दोन-तीन मिनिटं. एका जागी धरला तर चामडं तडकतं. गिटारची मान दमट हवेत वाकते. पहिली आणि शेवटची पट्टी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या पट्टीवर तारेखालची फट पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) एका वेळी पाव आटाच फिरवा, आणि एक रात्र जाऊ द्या.

प्रश्न : वडगावात दहा बाय बाराची खोली आहे, उंची दहा फूट. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले. घुमणं थोडं कमी झालं पण शेजाऱ्यांची तक्रार तशीच, आणि बेसचा एक सूर अंगावर येतो.

उत्तर : अंगावर येणारा सूर बेसची मोकळी ए तार आहे ना? ती 55 हर्ट्झची. दहा फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये 56 च्या आसपासची लाट उभी राहते, आणि तुमची रुंदीही दहा, उंचीही दहा. म्हणून दुप्पट. बेसचा अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढा, जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, आणि इक्वलायझरवर 56 च्या आसपास अरुंद पट्ट्यात 4 ते 6 डेसिबल कमी करा. किंवा ते गाणं दुसऱ्या पट्टीत घ्या, हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

ट्रे काढून टाका. पातळ पुठ्ठा फक्त वरची चमक खातो. वर ज्या कॅनचा उल्लेख आला त्यांनी आपल्या स्टुडिओच्या भिंतींना लष्करी गाद्या लावल्या होत्या, आणि ते बरोबर होतं. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली चार इंची कापसाची गादी भिंतीपासून चार इंच पुढे टांगली तर सुमारे 430 हर्ट्झपासून वरचं ती चांगलं शोषते. भिंतीला चिकटवलीत तर निम्मा फायदा गेला. चार गाद्या पुरतात : दोन ड्रमच्या मागे, दोन समोरच्या भिंतीवर. जून ते सप्टेंबर दर उन्हात बाहेर काढा, नाहीतर बुरशी धरते.

शेजाऱ्यांना गादीचा उपयोग नाही. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन आणि हवाबंद फटी लागतात : दाराखालची फट, खिडकीच्या चौकटी. तेवढं बुजवूनही ड्रमचा ठोका जाणारच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र कायद्यानं दहाला सुरू होते. शेजारचे विणकरांचे माग चालू असतात त्या वेळेत प्रॅक्टिस ठेवा.

प्रश्न : मराठीत लिहिलेलं गाणं रॉकच्या चालीवर घातलं की भाषांतर केल्यासारखं वाटतं. कन्नड गाण्यांना तसं होत नाही. असं का?
— निपाणी

उत्तर : सीमाभागातल्या बँडलाच सुचेल असा प्रश्न. मराठीत घर, वाट, मन, ऊन, पाऊस हे शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात. कन्नडमध्ये शब्द बहुधा स्वरावर संपतो : मने (घर), दारि (वाट), मळे (पाऊस). ध्रुवपदात शेवटचा सूर चार बार लांबवायचा असेल तर ‘मने’ सहज लांबतं, ‘घर’ लांबत नाही. गायक मग ‘घरऽऽ’ करतो, ते भजनात खपतं, पण बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या रॉकमध्ये कृत्रिम वाटतं. लांब सुरावर आलो, गेली, घरी, पावसाला असे शब्द आणा. ‘पाऊस’ छोट्या, तोडलेल्या सुरावर टाका, तिथं तो छान आपटतो.

दुसरं, ताणलेल्या सुरात तोंड उघडतं आणि ‘अ’चा ‘आ’ होतो. ‘कळी’ची ‘काळी’ झालेली ऐकणाऱ्यानं हसून सोडली तर नशीब. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर ठेवू नका, दीर्घ अक्षर ठोक्यावर येऊ द्या.

आणि चालीआधी छंद घ्या. मोठ्या अभंगाचे चार चरण 6-6-6-4 अक्षरांचे. सात मात्रांच्या आवर्तनात सहा अक्षरं आणि एक मात्रा श्वासाला, शेवटच्या चरणाला चार अक्षरं आणि तीन मात्रा मोकळ्या. चार चरणांच्या 28 मात्रा होतात. ड्रमवाल्याला खाली सरळ चारचा ठेका धरू द्या : त्याचे सात बार आणि तुमची चार आवर्तनं एकदम समेवर येतात. मधले सहा बार कान कुठं टेकावा ते शोधत राहतो. चुकतं ते गायक ड्रमकडे बघायला लागला की. त्यानं पायानं सातच मोजायचे.

जाता जाता : कन्नड ‘मळे’ म्हणजे पाऊस आणि मराठी मळे म्हणजे शेतं; कन्नड ‘दारि’ म्हणजे वाट आणि मराठी दारी म्हणजे दारात. दोन्ही भाषा कळणाऱ्या श्रोत्यांसमोर हे दोन शब्द एका गाण्यात का नसावेत?

प्रश्न : आमचा ड्रमवाला नोकरीला बेंगळुरूला गेला. चिकोडीत दुसरा मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर प्रॅक्टिस करून पाहिली, ताल सुटतो. बँड बंद करावा का?

उत्तर : कॉलवर ताल सुटणारच. आवाज हवेत एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो. 30 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ड्रमवाला दहा मीटर लांब उभा. तिथपर्यंत कसंबसं जमतं. कॉलवर उशीर त्याच्या कितीतरी पट असतो.

फायली पाठवा. क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) गिटार आणि गायन घ्या, दोन बार मोकळे क्लिक आधी. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू झाला पाहिजे, मध्येच कापलेला तुकडा नको. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव फाइल. मोनो ट्रॅकचं एक मिनिट साधारण 8.6 एमबी होतं, म्हणजे पाच मिनिटांचे सोळा ट्रॅक 700 एमबीच्या आत. एमपी3 पाठवू नका : सुरुवातीला थोडी रिकामी जागा शिरते आणि ड्रम किंचित मागे पडतात, मग सगळे ड्रमवाल्याला बोल लावतात. फायलीच्या नावात गाणं, लय आणि तारीख लिहा.

मंचावर त्याच्याशिवाय उभं राहायचं असेल तर ड्रम मशीनला त्याची नक्कल करायला लावू नका, ती केविलवाणी होते. तीनच आवाज ठेवा आणि बाकीची जागा मोकळी सोडा. माणूस गेला की आवाज बदलतो, तो बदलू द्यावा. शिकागोच्या विल्कोनं 2001 च्या आसपास ड्रमवादक बदलला आणि ठेका धरण्याबरोबर रंग भरणारा वादक घेतला. 2002 च्या अल्बमवर ते ऐकू येतं. दिल्लीच्या इंडियन ओशननं 2009 मध्ये तबला आणि गाणं दोन्ही सांभाळणारे असीम चक्रवर्ती गमावले, 2013 मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले. बँड आजही वाजवतो.

प्रश्न : सौंदत्तीच्या डोंगरावर जोगत्यांकडून ऐकलेलं एक यल्लम्माचं गाणं आम्ही मोबाइलवर घेतलं आणि त्याचा तुकडा आमच्या गाण्यात वापरला. सगळ्यांनी मिळून जॅममध्ये केलेल्या गाण्याचा मालक कोण, हाही वाद आहे.

उत्तर : आधी पहिलं. पारंपरिक चाल कुणा एकाची नसते, ती तुम्ही नव्यानं वाजवू शकता. पण मोबाइलमधला आवाज गाणाऱ्याचा आहे, आणि कायद्यानं कलाकाराला आपल्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क असतो. परत जा, तुकडा ऐकवा, कशासाठी वापरणार ते कन्नडमध्ये किंवा मराठीत समजावून सांगा, लेखी संमती घ्या, पैसे द्या, आणि नाव कसं छापायचं ते त्यांनाच विचारा. नकार आला तर तुकडा काढा.

दुसरं. आपल्या कायद्यात गीत, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. गीत आणि संगीत कर्त्याच्या हयातीनंतर 60 वर्षं, ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. सगळ्यांनी बसवलेल्या गाण्यात वाद होतो कारण ‘मी तर फक्त बेस वाजवला’ याची किंमत जॅमच्या दिवशी ठरत नाही, गाणं चालल्यावर ठरवायला घेतात. एक पान पुरतं : गाण्याचं नाव, तारीख, तिन्ही हक्कांत कुणाचे किती टक्के, बँड सोडल्यास काय, चौघांच्या सह्या. टेक संपला की त्याच संध्याकाळी लिहा. कॉपीराइट कार्यालयात नोंदणीची सक्ती नाही. करायची तर गीत किंवा संगीतरचनेला प्रत्येकी 500 रुपये आणि ध्वनिमुद्रणाला 2000 रुपये शुल्क आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. अर्जावर ज्यांची नावं नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र आधी घेऊन ठेवा. ड्रमवाला बेंगळुरूला गेल्यावर सहीसाठी पळापळ होते.